वाइन, औदुंबरमार्गे

कराडहून सकाळी आठला निघायचं ठरलं होतं आणि आम्ही बरोबर आठला निघालो. त्या दिवशी ठरल्याप्रमाणे घडलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट.

गाडी शेजारच्या तानाजी हवालदारांची. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते भाड्याने गाडी चालवतात आणि अजूनही इतके ताठ बसतात, की मागच्या सीटवर कुणी मोठा साहेब असावा. मागे मी होतो. मी कधीच कुणाचा साहेब नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकं दिली आणि परत घेतली. माझ्या शेजारी मांडीवर पितळी डबा धरून माझी थोरली बहीण, आक्का. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर डोकेदुखीचा बाम आणि चेहऱ्यावर देवदर्शनाला निघाल्याचं समाधान.

आक्काच्या समजुतीप्रमाणे आम्ही औदुंबरला दत्ताच्या पायांशी चाललो होतो. हवालदारांच्या आणि माझ्या समजुतीप्रमाणे आम्ही पलूसच्या पुढे वाइन चाखायला चाललो होतो. गाडी मात्र एकच होती.

हा घोळ कसा झाला ते सांगायला हवं. माझी बायको सुनंदा गेल्या फाल्गुनात गेली. ती हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायची. तिचं एक लाडकं गाऱ्हाणं होतं. "सांगली जिल्हा हाकेवर. तिथल्या द्राक्षांची वाइन होते, लोक कुठून कुठून येऊन चाखतात. आणि आपण? आपण बेदाणे खातो!" आमच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर गेली तेव्हा कोरी कार्डं ढिगाने उरली होती. आमच्या घरी किराण्याच्या यादीपासून निरोपापर्यंत सगळं त्याच कार्डांवर चालायचं. तशाच एका कार्डावर तिने या सहलीचा बेत लिहून काढला, पेन्सिलीने. उपाशीपोटी जायचं नाही. अत्तर, पावडर, कसलाही वास अंगाला लावायचा नाही. गाडी चालवणाऱ्याने नुसतं बघायचं. थुंकायला लाजायचं नाही. "तुरट आहे" म्हणून तोंड वाकडं करायचं नाही, हे वाक्य खाली रेघ मारून, म्हणजे ते माझ्यासाठी. आणि शेवटी: लाकडी पिंपात मुरवलेली लाल. ही मीच आधी चाखणार.

पहिल्यांदा बेत मोडला तो माझ्या ग्रंथालयाच्या वार्षिक मोजणीमुळे. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "कॉलेजातलं कुणी तिथे भेटलं तर?" त्यावर ती दोन दिवस माझ्याशी अतिशय सभ्यपणे बोलली. तिसऱ्या वेळी तारीख मीच काढली होती, पण तोवर तिला दवाखान्याच्या तारखा सुरू झाल्या होत्या.

दहाव्याला कृष्णा-कोयनेच्या संगमावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तिकडच्या पिंपळावर सात-आठ कावळे बसले होते. ते आमच्याकडे पाठ करून नदी बघत होते. रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायला सुरुवात केली. पुतण्या म्हणाला, "काकू, बांधावर तुमच्या नावानं आंबा लावतो." कावळे ढिम्म. आक्का मोठ्याने म्हणाली, "सुनंदे, ह्येच्या जेवणाखाण्याचं मी बगते गं!" एका कावळ्याने मान वळवली आणि परत फिरवली. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे सुनंदाला ठाऊक होतं. तरी मी तिथे उभा राहून मनातल्या मनात म्हणालो, "बरं बाई. वाइन चाखायला जातो. वर्षाच्या आत जातो."

कावळा खाली आला. उडी मारली नाही, रेंगाळला नाही, सरळ आला आणि पिंडाला चोच लावली.

"काय बोललास रं मनात?" आक्काने तिथल्या तिथे विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजींच्या कापडी पिशवीवर दत्ताचं चित्र होतं. मी म्हणालो, "औदुंबरला दर्शनाला जाईन म्हणालो."

आक्काचं गाव औंधच्या अलीकडे. ती तेरा दिवसांसाठी आली होती. माझं घर बघून राहिली ती राहिलीच. आणि दर महिन्याला एकदा तरी म्हणायची, "औदुंबर ऱ्हायलं बरं का." वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा मी बेत जाहीर केला: मी आणि हवालदार जाऊन येतो, तू दगदग करू नकोस.

"दगदग कसली? येती की मी बी," आक्का म्हणाली. "कावळ्याला शब्द दिलाय. फेडताना साक्षीला कोन तरी पायजे."

शेणोलीच्या पुढे ऊस लागला. हंगामाचे दिवस. एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे आम्ही. गाणी वाजत होती, उसाची टिपरं रस्त्यावर सांडत होती आणि रस्ता अर्ध्याच्या वर ट्रॉल्यांचा होता. हवालदार आरशातून माझ्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगत होते. ते मला समजत नव्हतं. मग ते उघड बोलू लागले.

"सर, टायमिंग बगा. दुपारच्या आरतीला आक्का बसतील. आपण तवर दुसरं काम उरकू."

"दुसरं कंचं काम?" आक्का म्हणाली.

"टायरात हवा, आक्का."

"हवा भराय लागती व्हय दर खेपंला? का गळतीया गाडी?"

हवालदारांनी गाणी बंद केली आणि गंभीरपणे ट्रॉली ओलांडली.

टाकारीच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली थांबून आम्ही डबा उघडला. दशम्या (दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकरी), शेंगदाण्याची चटणी, ढाळ्यांची म्हणजे ओल्या हरभऱ्याची उसळ. उपाशीपोटी जायचं नाही, हा कार्डावरचा पहिला नियम आक्काने नकळत पाळून घेतला होता. शेजारी सागरेश्वराच्या डोंगराची कड उन्हात पिवळी पडली होती. हवालदारांनी तीन दशम्या मोडल्या आणि म्हणाले, "आक्का, चटणी एक नंबर!"

आक्काने डबा नाकाशी नेला. "काय एक नंबर? दाणं जरा जादा भाजलं. वास येतोय न्हवं."

तिच्या नाकाबद्दल इथे सांगून ठेवतो. ती उंबऱ्यात उभी राहून सांगायची, की कपाटातल्या कुठल्या बरणीतलं लोणचं बिघडायला लागलंय. सुनंदा तिला "आमची प्रयोगशाळा" म्हणायची, आणि दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नसलं तरी सुनंदाने आक्काला विचारल्याशिवाय कधी बरणीचं तोंड बांधलं नाही.

"तुला कशी लागली?" आक्काने मला विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. खरं तर मला काहीच लागली नव्हती. वर्षभर माझ्या जिभेचं हे असंच चाललं होतं. तिखट म्हणजे तिखट आहे एवढं कळायचं, गोड म्हणजे गोड. त्यापलीकडे सगळं एकसारखं, पाण्यात भिजवलेल्या कागदासारखं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बेत जाहीर केल्यापासून मला एकच भीती होती. मी सुनंदाला शब्द दिला होता तो चाखण्याचा. तिथवर जाऊन, तिची ती लाल वाइन तोंडात घेऊनही जर मला काहीच कळलं नाही, तर तो शब्द पाळला असं कसं म्हणायचं?

औदुंबरला पोचलो तेव्हा घाटाच्या पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. झाडांची दाट सावली, खाली कृष्णेचं संथ, हिरवट पाणी, पलीकडच्या काठावर जाणारी नाव. पायऱ्यांवर माणसं बोलत होती तीसुद्धा हळू आवाजात. ग्रंथालयात मला जी शांतता कधी राखता आली नाही, ती इथे कुणी न सांगता होती. हार विकणाऱ्या बाईने मला विचारलं, "नवस फेडाय आलाय?"

"हो," मी म्हणालो.

"मग नारळ दोन घ्या. एक ठरल्याला, एक उशीर झाल्याचा."

मी दोन घेतले. पादुकांसमोर डोकं टेकवलं आणि जे खरं होतं ते सांगितलं: तुमचं नाव घाईत पुढे केलं, माफ करा. त्यानंतर बरं वाटलं. खोटं बोलून वर्ष झालं होतं. निदान एका ठिकाणी तरी ते कबूल झालं.

आता आरतीपर्यंत आक्का डोळे मिटून बसणार, ही आमची खात्री. हवालदार चपला घालून तयार होते. पण आक्काने नमस्कार केला, तीर्थ घेतलं, पेढ्याचा पुडा कमरेला खोचला आणि आमच्या पुढे गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"आक्का, आरती?" हवालदार म्हणाले.

"देवाला सांगून आलीया. चला."

"कुठं?" मी विचारलं.

"मला काय इचारतोस? गाडी तुमची, हवा तुमची."

भिलवडीचा पूल ओलांडून आम्ही पलूसच्या पुढे आलो. मग हवालदारांनी धीर केला. "आक्का, आलोच आहोत तर वळखीच्या एका जागी द्राक्षांचा बाग बगू. लय नामी बाग हाय."

"बगू की," आक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बाहेर बागाच बागा होत्या. एका बाजूला खायची द्राक्षं, घडांवर कागद चढवलेले; दुसऱ्या बाजूला बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी. मग एका वळणावर ओळी बदलल्या. इथले घड लहान होते, मणी काळे आणि हरभऱ्यापेक्षा थोडेच मोठे. गाडीतून उतरताच आक्काने एक मणी तोडून तोंडात टाकला, चावला आणि बी तळहातावर काढून बघितली. "खायचं न्हाई हे. सालच जादा," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. फाटकावरची पाटी इंग्रजीत होती. आक्का तिसरीपर्यंत शिकलेली, तीही मराठीत. मला हायसं वाटलं.

आतल्या थंड खोलीत एक लांब टेबल, त्यावर पातळ काचेचे पेले ओळीने मांडलेले, आणि टेबलाच्या कडेला स्टीलची एक चकचकीत बादली. चाखवणारी मुलगी तिथलीच, तासगावकडची. नाव प्राजक्ता. नाशिकला राहून शिकून आली होती आणि शिकवलेलं सगळं छापील भाषेत बोलत होती. "वेलकम सर, वेलकम आजी. आज आपण चार प्रकार अनुभवणार आहोत."

"आक्का, द्राक्षाचा रस आहे," मी हळूच सांगितलं.

"आसं का," आक्का म्हणाली आणि खुर्चीत मांडी घालून बसली.

प्राजक्ताने पहिल्या पेल्यात तळाला पुरेल एवढी पांढरी वाइन ओतली.

"एवढासाच रस? आगं, पावण्याला आसं चिमटीनं वाढत्यात व्हय?" आक्काने विचारलं. "आणि बादली कशाला?"

"थुंकायला, आजी. सगळी गिळली तर शेवटची नीट कळत नाही."

"म्हंजे चडतंय व्हय ह्यानं?"

हवालदार भिंतीवरचा नकाशा वाचू लागले. प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. मी पेल्याकडे बघितलं.

"जास्त घेतली तर चढते, आजी," ती खरी मुलगी खरं बोलली.

"मग ह्येला जादा देऊ नगंस. लिंबाच्या सरबतानं बी सर्दी हुती त्येला."

एवढंच. पुढे काहीच झालं नाही. आक्काने चीजचा तुकडा उचलला, उलटापालटा केला, "साबणाची वडी दिसतीया," म्हणून हवालदारांच्या बशीत ठेवला. हवालदारांनी तो खाल्ला. गाडी चालवणाऱ्याने नुसतं बघायचं, हे कार्डावरचं कलम मी त्यांना आदल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं. ते हुकूम मोडणारे नव्हते, पण माझा पेला गोल गोल फिरताना बघून त्यांना राहवलं नाही. "सर, आसं फिरवत बसलो आसतो तर फौजेत कुनी तरी हातातनं काडून घेतली आसती."

प्राजक्ताने पेला नाकाशी नेला आणि थांबली. "सॉरी हं, कुणी बाम लावलाय का? वास कळत नाही मग."

कपाळाला काही लावू नकोस, हे आक्काला सकाळी सांगायचा धीर मला झाला नव्हता. आक्काने पदराचं टोक पाण्यात बुडवून कपाळ खसाखसा पुसलं. "सांगायचं न्हाई व्हय आदी?" हे ती प्राजक्ताकडे बघून बोलली की माझ्याकडे, ते मला तेव्हा समजलं नाही. मग तिने माझा पेला स्वतःकडे ओढला.

"आक्का!"

"पीत न्हाई रं. वासाला माळ आडवी येत न्हाई." तिने डोळे मिटले. "पेरू. झाडावर पिकाय आल्याला, पर आजून तोडल्याला न्हाई."

प्राजक्ताने टेबलावरचा छापील कागद उचलून बघितला. "आजी, इथं हेच लिहिलंय!"

दुसरी गुलाबी. "कलिंगाडाची साल. आतल्या पांढऱ्याची." तिसरी फिकट लाल. "ह्यात करवंद हाय. आणि मागनं जरा मिरी." तोवर प्राजक्ताचं नाशिकचं मराठी सुटलं होतं. "आयला, आजी, तुमी कुटं शिकलाय हे?" आणि जीभ चावून, "म्हणजे, सॉरी."

"बरन्यांच्यात," आक्का म्हणाली.

मी तिन्ही पेले चाखले होते. तिन्ही मला एकच वाटले. प्रत्येक वेळी मी "छान आहे" म्हणालो.

शेवटी ती लाल आली. लाकडी पिंपात मुरवलेली, जाड काचेच्या बाटलीत, बूच लावलेली. प्राजक्ताने बूच काढलं, ओतली. रंग इतका गडद, की पेल्यापलीकडची खिडकी दिसेना. मी पेला फिरवला, वास घेतला. काही नाही. एक घोट तोंडात घेतला. ओलसर, मुकं असं काहीतरी, घरात बंद राहिलेल्या कपड्यांसारखं. मी तो बादलीत थुंकला नाही, गिळला. मनात म्हणालो, आलो गं. पण माझ्याकडे हे एवढंच उरलंय.

"कशी वाटली सर? ही आमची सगळ्यात खास."

"छान आहे," मी म्हणालो.

"काय छान हाय?" आक्का एकदम म्हणाली. तिने पेला हातातही घेतला नव्हता. टेबलाच्या पलीकडूनच तिच्या नाकपुड्या हलत होत्या. "आगं पोरी, भिजल्याल्या पोत्याचा वास मारतोय ह्याला. पावसात भिजून तसंच घडी घालून ठिवल्यालं गोनपाट. आन ह्यो म्हनतोय छान! वर्सभर ह्येच चाललंय ह्येचं. आळनी आमटी, छान. करपल्याली भाजी, छान. एकदा मी मुद्दाम मीठ न घालता पिटलं वाडलं. छान!"

"आजी, ही लाकडात मुरवलेली आहे, त्यामुळे तसा थोडा..." प्राजक्ता म्हणाली आणि तिने स्वतः पेला नाकाशी नेला. मग बूच उचलून हुंगलं. मग परत पेला. तिचा चेहरा उतरला. "अगं बया. खरंच की." ती माझ्याकडे वळली. "सर, माफ करा. क्वचित होतं असं. बुचातच दोष असतो, आणि मग आतली वाइन मरते. वासही जातो, चवही जाते. मी ओतायच्या आधी बघायला पायजे होतं. दुसरी उघडते."

मी त्या पेल्याकडे बघत राहिलो. बिघडलेली होती. वर्षभर मला चव लागत नव्हती हे खरं, पण त्या घोटात जे मुकं लागलं ते तरी माझं नव्हतं. ते बाटलीचं होतं. आणि मला ते लागलं होतं! बंद कपड्यांसारखं, असं मी मनात म्हणालोही होतो.

दुसरी बाटली उघडली. प्राजक्ताने आधी स्वतः हुंगली, मग आक्कापुढे धरली. आक्काने मान हलवली. "ही जित्ती हाय."

मी पेला नाकाशी नेला. आधी जांभूळ आलं, पिकून जमिनीवर पडलेलं. त्याच्या मागून आणखी काहीतरी, कोरडं, ओळखीचं, इतकं ओळखीचं की मला त्याचं नाव सापडेना. सुनंदा पानांच्या, फुलांच्या आकृत्या काढायची. दर दोन मिनिटांनी पेन्सिल तासायची. तिच्या टेबलावर, माझ्या वर्तमानपत्रावर, कधी चहाच्या बशीत लाकडाच्या त्या पातळ चकत्या पडलेल्या असायच्या. तोच वास.

"पेन्सिल," मी म्हणालो. "तासलेली."

"बरोबर सर!" प्राजक्ता आनंदाने म्हणाली. "लाकडातनं येतो तो वास. सगळ्यांना सापडत नाही."

मी पेला ओठांशी नेला.

"थांब," आक्का म्हणाली. "आदी तिला."

"कुणाला?"

"मीच आधी चाखनार आसं लिवलंय न्हवं तिनं?"

हवालदार नकाशावरून वळले.

"तू ते कार्ड वाचलंस?"

"उशीखाली ठिवल्यावर चादर बदलताना हाताला लागनारच की. तिसरीपातूर शिकलीया मी. पावसाळ्यात वाचलं."

"मग आठ महिने औदुंबर, औदुंबर..."

"तू तोंड उगडतोस का बगत हुते. उगडलं न्हाईस. आन देवाचं नाव घेतल्यावर तिथं जायाच पायजे, मग वाट वाकडी आसली तरी." ती उठली. "चल भाईर."

आम्ही चौघं बागेत गेलो. वेलींच्या पहिल्या ओळीशी मी करंगळीच्या शेजारचं बोट पेल्यात बुडवलं आणि बुंध्याशी थेंब टाकले, तीन वेळा. हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. प्राजक्ताला कुणी काही सांगितलं नव्हतं. तीही चप्पल काढून उभी राहिली. कोरड्या मातीने थेंब लगेच पिऊन टाकले. मग मी घोट घेतला. जीभ आवळली, हिरड्या आवळल्या, डोळ्यांत पाणी आलं. तोंड वाकडं केलं नाही.

"कशी हाय?" आक्काने विचारलं.

मी पेला रिकामा केला.

परतताना वाटेत भडंग (तेल, लसूण, तिखट लावून परतलेले चुरमुरे) घेतलं. मी मूठभर तोंडात टाकलं आणि म्हणालो, "मीठ जास्त झालंय." आक्काने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघू लागली, बराच वेळ. हवालदारांनी गाणी पुन्हा लावली. डिकीत ती लाल वाइन होती, दोन बाटल्या: एक माझी, एक हवालदारांची, "डूटी संपल्यावर" उघडायची.

मी जरा सैल झालो होतो. म्हणून खोडी काढली. "आक्का, तू रोज झोपताना ते द्राक्षासव घेतेस ना, दोन चमचे? त्याच्या बाटलीवर लिहिलंय, आत आपोआप तयार झालेलं मद्य असतं म्हणून."

"वाचलंय मी," आक्का म्हणाली. "लय बारीक अक्षरात लिवलंय. म्हंजे बारीकच आसंल."

दिवस मावळायच्या आत कराडला आलो. आक्काने गाडी घाटाकडे घ्यायला लावली. हात-पाय धुवायचेत म्हणाली. संगमावर फिरायला आलेली माणसं होती, चणे-फुटाणे विकणारे होते, आणि तो पिंपळ होता. पायरीवर बसून आक्काने पाय पाण्यात सोडले.

"त्या दिशी मी बी मनात बोलले हुते," ती म्हणाली. "मोठ्यानं बोलले ते येगळं. ते तर सगळीच बोलत्यात. नंतर बगितलं, तर तुजं व्हट हालत हुतं. म्हनलं, ह्यो कायतरी कबूल करतोय, आन कायतरी भलतंच आसनार, कारन तोंड चोरावानी झालं हुतं. तवा मी म्हनले, सुनंदे, ह्यो जे काय कबूल करतोय त्येला मी आडवी येनार न्हाई. आन कावळा आला."

मी तिच्याकडे बघत राहिलो. "म्हणजे तो माझ्या शब्दावर आला नाही?"

"तुज्या का? तू काय, तीनदा शब्द मोडल्याला मानूस. माज्या शब्दावर आला."

"मी वाइन म्हटलं आणि त्याच क्षणी तो उडाला. मी बघितलंय."

"मी आडवी येनार न्हाई म्हनले आन उडाला. मी बी बगितलंय."

हवालदार वरच्या पायरीवर उभे होते. "भांडू नगा," ते म्हणाले. "दोन शब्द, एक कावळा. दोगांचं मिळून झालं आसंल." मग पिंपळाकडे हात करून म्हणाले, "न्हाईतर बसलाय तितं, त्येलाच इचारा."

खरंच बसला होता. नदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ.

घरी आल्यावर मी बाटली फडताळात ठेवली, आक्काच्या द्राक्षासवाशेजारी. आक्काने बघितलं आणि औषध दोन बोटं अलीकडे सरकवलं. ती चहा ठेवायला गेली तेव्हा मी सुनंदाच्या टेबलाचा खण उघडून तिची पेन्सिल काढली आणि तासली. तासायची गरज नव्हती. चकत्या समोर ठेवलेल्या तिच्या कार्डावर पडल्या, त्या फुंकल्या नाहीत.

हे सगळं लिहायला मला बरेच दिवस लागले. मी सावकाश लिहितो. पण त्या संध्याकाळी लिहिलं ते लगेच लिहिलं. तिच्या अक्षराखाली जितकी जागा उरली होती तितक्यात, तिच्याच पेन्सिलीने:

जाऊन आलो. तुरट होती.